आकाशातून पडलेले दगड व त्यांची कुळे

ह्या अंकासाठी अशनींविषयी लिहावे असे आम्ही योजिले, त्यास एक कारण घडले. आणि ते कारण म्हणजे आमचीच एक चूक असल्यामुळे प्रथम तीच सांगणे योग्य होय.

गेल्या जून महिन्यात शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी फडक्यात गुंडाळलेला एक दगड घेऊन आमच्याकडे आला. कर्नाळ्याच्या पायथ्याकडील आपल्या शेतात, राब भाजलेल्या तुकड्यात, तो त्यास सापडला होता. दगड नारळाएवढा, बाहेरून काळाकुट्ट व हातात घेता चांगला जड होता. एका बाजूस तो फुटला होता, आणि फुटलेल्या अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढुरके वाटोळे ठिपके दिसत होते. आम्ही दोऱ्याला लोहचुंबक बांधून दगडाजवळ धरला. तो किंचित ओढला गेला. काळे कवच, जडपणा, लोहचुंबकाचे आकर्षण व वाटोळे कण ही चारही लक्षणे पुस्तकातील वर्णनाशी जुळतात असे आम्हांस वाटले, आणि सर्व वर्गासमक्ष आम्ही म्हणालो, “हा बहुधा अशनी असावा.”

‘बहुधा’ हा शब्द वर्गातच राहिला; ‘अशनी’ हा शब्द मात्र संध्याकाळपर्यंत गावात पोहोचला. आठ दिवसांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. कोणी एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या घरी येऊन गेला होता. दगड लाखो रुपयांस विकून देतो, परंतु आधी तपासणीचे शुल्क म्हणून दहा हजार रुपये रोख द्यावे लागतील, असे त्याचे म्हणणे होते. वडील म्हणाले, “गुरुजी, भाताच्या खतासाठी ठेवलेले पैसे आहेत. आपण अशनी आहे म्हणालात म्हणून विचारायला आलो. देऊ का?”

त्या प्रश्नाने आम्ही खजील झालो. आमचे उत्तर आता केवळ वर्गातील उत्तर राहिले नव्हते. आम्ही चार दिवसांची मुदत मागितली, कोणासही एक पैसा देऊ नये असे त्यांस बजावले, आणि आधीच करावयास हवा होता तो अभ्यास करावयास बसलो. त्या अभ्यासाचे सार विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

उल्का व अशनी

रात्री आकाशात क्षणभर चमकून नाहीशी होणारी रेघ ती उल्का. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात व जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर जळून जातात. परंतु एखादा मोठा दगड वातावरणातून पार होऊन जमिनीवर येतो, तेव्हा त्यास अशनी म्हणतात. ‘अशनि’ ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ वज्र असा आहे. गडगडाट व प्रकाश ह्यांसह पडणाऱ्या वस्तूस आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले, ते यथार्थच होय.

आकाशातून दगड पडतात हे खेडुतांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. विद्वानांस मात्र ते पटत नव्हते. इ. स. १७९४ साली क्लाड्नी नावाच्या जर्मन पंडिताने असे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे प्रतिपादन केले. पुढे १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री काशीजवळील क्राखुत गावाच्या परिसरात आकाशातून दगड पडले. त्यांतील नमुने इंग्लंडला पोहोचले, आणि एडवर्ड हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने इतर देशांत पडलेल्या दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण करून १८०२ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांत पडलेल्या ह्या दगडांची घडण परस्परांसारखी होती व त्यांतील लोहात निकेल धातू मिसळलेला होता. पृथ्वीवरील सामान्य खडकांत तसे लोह आढळत नाही. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधील लेग्ल गावावर सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला व बियो ह्या शास्त्रज्ञाने जागेवर जाऊन चौकशी केली. तेव्हापासून शंकेस जागा राहिली नाही. काशीच्या दगडांनी ह्या शास्त्राच्या पायाभरणीस साहाय्य केले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

तीन मोठे वर्ग

घटकांवरून अशनींचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग लोही अशनींचा; हे जवळजवळ संपूर्ण लोह व निकेल ह्यांचे असतात. १६२१ साली जालंधरजवळ पडलेल्या अशा लोहाच्या तलवारी जहांगीर बादशहाने करविल्या. नुसते ते लोह घणाखाली टिकेना, म्हणून तीन भाग आकाशीच्या लोहात एक भाग साधे लोह मिसळावे लागले, असे त्याच्या आत्मवृत्तात नमूद आहे. दुसरा वर्ग लोह व दगड मिश्र असलेल्यांचा. तो अतिशय दुर्मिळ. तिसरा वर्ग दगडी अशनींचा. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी शेकडा सुमारे ९४ दगडी असतात; म्हणून ह्या लेखात त्यांचाच विचार करू.

दगडी अशनींचे वर्गीकरण करताना शास्त्रज्ञ प्रथम एकच प्रश्न विचारतात: हा दगड जन्मल्यापासून कधी संपूर्ण वितळला होता काय? ‘नाही’ असे उत्तर आले तर तो कॉन्ड्राइट. ‘होय’ असे आले तर अकॉन्ड्राइट. बाकीचे सर्व पोटविभाग ह्या एका प्रश्नाच्या मागून येतात.

कधीही न वितळलेले दगड

कॉन्ड्राइट हे नाव ‘कॉन्ड्रूल’ ह्या शब्दावरून आले आहे. कॉन्ड्रूल म्हणजे मोहरीएवढे किंवा त्याहून लहान वाटोळे खनिजकण. सूर्य नुकताच जन्मत असता त्याच्याभोवती वायू व धूळ ह्यांची एक विशाल तबकडी फिरत होती. त्या धुळीचे पुंजके कशाने तरी एकाएकी तापले, वितळून थेंब झाले व काही तासांत किंवा दिवसांत निवून गोठले. हे थेंब, धातूचे कण व बारीक धूळ ही एकत्र दडपली जाऊन जे दगड झाले ते कॉन्ड्राइट होत. येथे वितळले ते थेंब, अखंड दगड नव्हे, हा भेद नीट समजून घ्यावा. बुंदीच्या लाडवातील प्रत्येक कळी तळली गेलेली असते, परंतु लाडू कोणी तळीत नाही. तशीच ही गोष्ट आहे.

ह्या दगडांचे वय सुमारे ४५६ कोटी वर्षे भरते. पृथ्वीचे मूळ खडक वितळले, झिजले, पुन्हा वितळले, म्हणून आपल्या जन्मकाळची साक्ष पृथ्वीजवळ उरलेली नाही. ती साक्ष ह्या दगडांनी जपली आहे.

कॉन्ड्राइटांची तीन मुख्य कुळे आहेत: सामान्य, कार्बनी व एन्स्टटाइट.

पडताना पाहिलेल्या शंभर अशनींपैकी सुमारे ऐंशी सामान्य कॉन्ड्राइट असतात. त्यांचे पुन्हा तीन गट लोहाच्या प्रमाणावरून पाडतात. एच गटात एकूण लोह शेकडा सुमारे २७, एल गटात सुमारे २२, आणि एलएल गटात सुमारे २० असते. केवळ लोहाचे प्रमाण पाहून भागत नाही. ते कोणत्या स्वरूपात आहे हेही पाहावे लागते. तव्याचे लोखंड व तव्यावरचा गंज ह्या दोहोंत लोहच असते, परंतु एकात ते धातुरूप तर दुसऱ्यात ऑक्सिजनशी जोडलेले. एच गटात धातुरूप लोहाचे कण पुष्कळ चमकतात. एलएल गटात ते थोडेच दिसतात व बरेचसे लोह ऑलिव्हिन आणि पायरोक्सिन ह्या खनिजांत शिरलेले असते. तीन गट तीन निरनिराळ्या मूळ पिंडांपासून आलेले असावेत, असे अनुमान ह्यावरून निघते.

गटाच्या अक्षरापुढे एक आकडा लिहितात. हा क्रम १९६७ साली व्हान श्मुस व वुड ह्यांनी ठरविला. ३ हा आकडा जवळजवळ मूळ स्थितीतील दगडाचा. त्यातील कॉन्ड्रूल सुबक व ठळक दिसतात. ४, ५, ६ असे वर जावे तसतसा दगड आपल्या मूळ पिंडाच्या पोटात अधिकाधिक भाजला गेलेला असतो व कॉन्ड्रूलांच्या कडा पुसट होत जातात. उलट २ व १ हे आकडे उष्णतेचे नसून पाण्याचे द्योतक आहेत. त्या दगडांतील खनिजे पाण्याने पालटलेली असतात. अक्षरावरून घटक कळतात व आकड्यावरून दगडाच्या आयुष्यात काय घडले ते कळते.

आता आपल्या प्रांतातील उदाहरण घेऊ. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे आकाशात मोठे धडाके ऐकू आले व गावात आणि आसपास दगड पडले. भूवैज्ञानिकांनी तपासून त्यांस ‘एल ६’ ही संज्ञा दिली. वर सांगितलेला नियम लावून वाचकांनी तिचा अर्थ स्वतःच लावावा: लोह मध्यम, कधी संपूर्ण न वितळलेला, परंतु मूळ पिंडाच्या आत चांगला भाजलेला असा हा दगड होय. त्याची कथा एवढ्यावर संपत नाही. अवकाशात कोणे एके काळी त्याच्या मूळ पिंडावर जबर आघात झाला व त्यात बारीक शिरांएवढा भाग वितळला. त्या शिरांत खरगपूर येथील शास्त्रज्ञांनी आपल्या परदेशी सहकाऱ्यांसह ब्रिजमनाइट नावाचे खनिज शोधून २०२१ साली प्रसिद्ध केले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात विपुल आहे, परंतु ६६० किलोमीटरहून अधिक खोलीवर. तेथे कोणाचा हात पोहोचणार? पायांखालच्या अगम्य खडकाचा सजातीय नमुना काटोलच्या आकाशातून पडावा, हे सृष्टीचे मोठेच नवल आहे.

काटोल हे काही एकच ठिकाण नव्हे. ५ ऑक्टोबर १८६६ रोजी अहमदनगर जिल्ह्यात, जो आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, जामखेड येथे पडलेला अशनी ‘एच ६’ गटाचा आहे. सातारा भागात १८७९ साली कळंबीचा अशनी पडला, आणि वऱ्हाडात १९३९ साली पडलेला अंदुऱ्याचा अशनी ‘एच ६’ होय. काशीचा दगड, ज्याची कथा वर आली, तो ‘एलएल ४’ ठरला आहे. गुजरातेत २८ जानेवारी १९७६ रोजी धजाळा येथे पडलेला अशनी ३ ह्या आकड्याचा असून त्यातील कॉन्ड्रूल फार सुस्पष्ट दिसतात.

कार्बनी कॉन्ड्राइट काळे, ठिसूळ व दुर्मिळ असतात. राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ रोजी असा एक दगड पडला. त्याचा आकडा २, म्हणजे पाण्याचा संस्कार झालेला. टोंक येथे १९११ साली पडलेला अशनी तर १ ह्या आकड्याचा आहे. त्याचे जपलेले वजन दहा ग्रॅमही भरत नाही, तथापि जगात अशा प्रकारचे अशनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हायड्रोजन, हीलियम ह्यांसारखे उडून जाणारे वायू वगळले असता ह्या दगडांतील मूलद्रव्यांचे परस्पर प्रमाण सूर्यातील प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडलेल्या मर्चिसन अशनीत तर अमिनो आम्ले सापडली. त्यांवरून जीव आकाशातून आला असे मुळीच सिद्ध होत नाही. परंतु जीवनास लागणारी काही द्रव्ये सजीवांवाचूनही तयार होतात एवढे निश्चित होते.

तिसरे, एन्स्टटाइट कुळ, ह्याच्या उलट टोकाचे आहे. त्यातील लोहाला ऑक्सिजन जवळजवळ मिळालाच नाही. ते बहुतेक सर्व धातुरूपात किंवा गंधकाशी जोडलेले राहिले.

वितळून निघालेले दगड

काही पिंड इतके तापले की ते आतून वितळले. जड लोह तळाशी, म्हणजे मध्याकडे गेले व हलके दगडी द्रव्य वर आले. पहिल्याचे लोही अशनी झाले व दुसऱ्याचे अकॉन्ड्राइट. अकॉन्ड्राइटांत कॉन्ड्रूल उरत नाहीत, धातूही प्रायः नसतो. ते पृथ्वीवरील ज्वालामुखी खडकांसारखे दिसतात, म्हणूनच ते ओळखणे अवघड जाते. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत ते सुमारे आठच असतात.

ह्यांतील एक आपल्या खानदेशात पडला आहे. २९ जून १८४३ रोजी मानेगाव येथे पडलेला अशनी डायोजेनाइट जातीचा असून जवळजवळ संपूर्ण पायरोक्सिन खनिजाचा आहे. त्याचे आता थोडेच तुकडे संग्रहांत उरले आहेत. डायोजेनाइटाचे भाऊबंद दोन: युक्राइट व हॉवर्डाइट. युक्राइट म्हणजे लाव्हा गोठून झालेला दगड. राजस्थानात पिपलिया कलान येथे २० जून १९९६ रोजी पडलेला अशनी ह्या जातीचा आहे. डायोजेनाइट त्याच पिंडाच्या खोल भागात सावकाश थिजला, आणि हॉवर्डाइट हा दोहोंच्या चुऱ्याचा मिश्र खडक. हे तिघेही वेस्टा ह्या लघुग्रहापासून आले असे मानण्यास बळकट पुरावा आहे. वेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. त्याच्या पृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण १९७० साली केले तेव्हा ते युक्राइटाशी जुळले, आणि २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने वेस्टाभोवती फिरून हे मत अधिक दृढ केले. १८४३ च्या आषाढात शेतात पडलेल्या दगडाचे मूळ गाव निश्चित होण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला!

ऑब्राइट ही दुसरी जात फिकट रंगाची व लोहहीन खनिजांची असते. उत्तर प्रदेशात बस्ती येथे १८५२ साली, आणि गुजरातेत दियोदर येथे १७ ऑगस्ट २०२२ रोजी असे अशनी पडले.

सर्वांत विस्मयकारक उदाहरण बिहारातील आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यात शेरघाटी येथे सुमारे पाच किलोग्रॅमचा एक दगड पडला. तो बेसाल्टासारखा होता, आणि पुढे त्याचे वय मोजले तेव्हा ते सुमारे १७ कोटी वर्षेच भरले. लहान लघुग्रह आपल्या जन्मानंतर लवकरच निवून गेले. मग इतक्या अलीकडे लाव्हा आला कोठून? एवढा काळ पोटात उष्णता टिकवील असा पिंड मोठा, म्हणजे ग्रहच, असला पाहिजे. अंटार्क्टिकाच्या बर्फावर ह्याच जातीचा एक दगड सापडला होता. त्याच्या काचेत अडकलेला वायू तपासला असता तो ‘व्हायकिंग’ यानांनी १९७६ साली मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला, असे १९८३ साली प्रसिद्ध झाले. मंगळावर मोठा आघात होऊन उडालेले हे दगड होत. जगभर अशा दगडांस आज ‘शेरगोटाइट’ म्हणतात, व बिहारातील त्या गावाचे नाव मंगळाच्या खडकास मिळून राहिले आहे. चंद्रावरून आलेले दगडही १९८२ पासून ओळखले गेले. अपोलो यानांतून माणसांनी आणलेले खडक तुलनेस हाताशी होते म्हणून ते शक्य झाले.

उगम ठरवावा कसा?

कोणी विचारील, दगड तर मुका. त्याचे कुळ सांगतो कोण? शास्त्रज्ञ मुख्यतः चार साक्षी घेतात. पहिली, खनिजे व धातू ह्यांचे प्रमाण. दुसरी, ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचे प्रमाण. ते एका पिंडातून आलेल्या दगडांत एकाच रेषेवर येते, व निरनिराळ्या कुळांच्या रेषा बहुधा निराळ्या असतात. तिसरी, दगडाचे वय. चौथी, लघुग्रहांवरून येणाऱ्या प्रकाशाशी तुलना. ह्या सर्वांवर कळस म्हणजे प्रत्यक्ष नमुना. जपानचे ‘हायाबुसा’ यान २००५ साली इतोकावा ह्या लघुग्रहावर उतरले व २०१० साली तेथील धुळीचे कण घेऊन परतले. ते कण एलएल गटाशी जुळले. ज्या कुळाचा दगड १७९८ साली काशीजवळ पडला, त्या कुळाचा एक पिंड अशा रीतीने माणसाच्या हातास लागला.

काटोलच्या एल गटाचीही एक जुनी कथा आहे. त्यांचा मूळ पिंड सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी एका महाआघाताने फुटला. स्वीडनमधील त्या काळच्या चुनखडकांत ह्या गटाचे अशनी जीवाश्मांप्रमाणे रुतून बसलेले मिळाले आहेत.

लोणारचा धडा

महाराष्ट्रातील वाचकांस येथे लोणारची आठवण होईल. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार सरोवर पुष्कळ काळ ज्वालामुखीचे मुख समजले जात असे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत मास्केलिनाइट आढळल्याचे सांगितले गेले. मास्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार खनिजाची प्रचंड आघाताने झालेली काच. हा पदार्थ प्रथम चेर्माक ह्या शास्त्रज्ञाने १८७२ साली ओळखला, आणि तो कोणत्या दगडात? शेरघाटीच्याच! असा आघात ज्वालामुखी करू शकत नाही. म्हणून लोणार अशनीच्या आघाताने झाले हे ठरले. एका मोजणीने त्याचे वय सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे दिले आहे. तथापि तो आघात करणाऱ्या अशनीचा एकही तुकडा तेथे हाती लागलेला नाही. विवर मोठे आणि दगड नाही. काटोलला दगड आहेत आणि विवर नाही. आकारावरून किंवा गाजावाजावरून अनुमान काढू नये, पुराव्यावरून काढावे, हाच ह्यातील धडा होय.

त्या दगडाचे काय झाले?

चौथ्या दिवशी आम्ही मुलास व त्याच्या वडिलांस प्रयोगशाळेत बोलाविले व त्यांच्यासमोर एकेक परीक्षा केली. प्रथम ओले फडके व साबण घेऊन दगड पुसला. ‘काळे कवच’ फडक्यास लागून आले. ती राबाची काजळी होती. खऱ्या अशनीचे कवच हे वातावरणातून येताना वितळून थिजलेले असते. ते पातळ असले तरी असे पुसून जात नाही. नंतर ताणकाट्याने दगड हवेत व पाण्यात तोलला, घनता २.९ आली. सामान्य कॉन्ड्राइटाची ती साधारण ३.३ किंवा अधिक असते. आमच्या सह्याद्रीच्या बेसाल्टाची मात्र एवढीच. मग एक कोपरा कानशीने घासला. त्यात धातूचा एकही चकाकणारा कण दिसला नाही. लोहचुंबकास ओढणारे होते ते बेसाल्टात सर्वत्र विखुरलेले मॅग्नेटाइट.

उरले पांढुरके वाटोळे कण, ज्यांनी आम्हांस सर्वांत अधिक फसविले. आम्ही भिंग मुलाच्या हाती दिले. थोडा वेळ पाहून तो म्हणाला, “सर, हा एक अर्धाच भरलेला आहे. आत पोकळ आहे.”

निर्णय त्या वाक्याने झाला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहतात. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइटासारखी पांढरी खनिजे जमतात. क्वचित पोकळी अर्धीच भरते. कॉन्ड्रूल हा गोठलेला थेंब. तो खडकाच्या आधी जन्मतो. हा कण भरलेली पोकळी. तो खडकाच्या नंतर जन्मतो. दिसावयास दोन्ही वाटोळे, परंतु उत्पत्ती अगदी उलट. केवळ रूप पाहून कुळ सांगणाऱ्याची फजिती होते ती अशी.

आम्ही वडिलांस म्हणालो, “हा अशनी नव्हे. आपल्या डोंगराचाच दगड आहे. वर्गात मी घाईने बोललो, ती माझी चूक झाली.” ते काही वेळ गप्प राहिले, मनात रचलेले पुष्कळ काही मोडले असेल. मग म्हणाले, “खताचे पैसे वाचले, गुरुजी. दगड काय, शेतात आणखी आहेत.” दुसऱ्या दिवशी हीच कबुली आम्ही वर्गासमोर दिली. आमची मान खाली जाईल असे वाटले होते. परंतु त्या तासाला जितके प्रश्न विचारले गेले तितके वर्षभरात कधी विचारले गेले नव्हते.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी अशा. काळा व जड दगड दिसताच त्यास अशनी म्हणू नये. पनवेलच्या आसपास तसे दगड पावलोपावली आहेत, आणि कारखान्यांतील व रुळांकाठचे लोहकीटही असेच फसविते. दगड पडताना खरोखर दिसला तर वेळ, दिशा व जागा लिहून ठेवावी. दगड धुऊ नये, फोडू नये, स्वच्छ कागदात गुंडाळून कोरडा ठेवावा. त्यास लोहचुंबकही लावू नये, कारण दगडात जपलेली चुंबकीय खूण त्याने पुसली जाते. आम्ही लावला हा आमचा दुसरा दोष. नंतर तहसील कचेरीमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास कळवावे. देशातील अशनी जपण्याचे काम त्या खात्याकडे आहे. आणि तपासणीच्या नावाने आगाऊ पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

तो दगड आज शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात आहे. मुलाने आपल्या हाताने चिठ्ठी लिहून त्यापुढे ठेविली आहे: ‘बेसाल्ट, कर्नाळा. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. अशनी नव्हे.’ चंद्र व तारे पाहून स्तोत्रकर्त्या दाविदास मनुष्याच्या लहानपणाची जाणीव झाली. आम्हांस ती ह्या चिठ्ठीतील शेवटच्या दोन शब्दांनी करून दिली. ते शब्द आम्ही पुसू दिलेले नाहीत.